आम्रपालीच्या मापाचा बेस

"खांदा सैल सोड. अगं, सैल म्हणजे पाडायचा नाही. आणि हलू नकोस."

"श्वास घेतला तर चालेल ना? की त्यालाही तुमची परवानगी लागते?"

"डावा हात वर. अजून वर. हां, आता मनगट बघू."

रविवारची सकाळ होती. गॅसवर डाळ, शिलाई मशीनवर गोजाबाईंच्या सुनेचं एका बाहीचं ब्लाऊज, आणि मी हॉलच्या मधोमध माणसाएवढा उंच बेस धरून उभी. आमचे हे, म्हणजे जयसिंग, गुडघ्यावर बसून माझ्या कोपराला काटकोन मापायचा गुण्या लावत होते. चाकणच्या एका कंपनीत ते टूलरूमला फिटर आहेत. आठवडाभर लोखंडाची मापं घेतात आणि रविवारी माझी.

बेस आमच्या आम्रपालीचा. गिटारचा थोरला भाऊ म्हणा. पोट नाही, नुसती लांब मान, चार जाड तारा आणि खाली जमिनीवर टेकायला स्टीलचा पाइप. वायर जोडून स्पीकरमधून वाजतो. उभं राहून वाजवायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझी आणि आम्रपालीची उंची एक, खांदे एक, हाताची लांबीही एक. लेक बंगळुरूला नोकरी करते, बेस कासारवाडीत, मग तिच्या जागी मला उभं करायचं. बायका शिवायला टाकताना जुनं मापाचं ब्लाऊज सोबत देतात ना, तशी माझी गत.

"डाळ करपली तर जेवायला बेस वाढीन," मी म्हटलं.

"एकच मिनिट. तार दाब."

मी दाबली. बोटाला वळ उठला.

"बघ!" हे असे खूश झाले जणू मला लॉटरीच लागली. "तुला एकदा दाबून एवढं लागलं. पोरीने चार-चार तास दाबायची. मनगट दुखणार नाही तर काय होणार!"

या सगळ्याच्या मुळाशी ते मनगट. आम्रपाली कॉलेजपासून रंगरावभाऊंच्या गायन पार्टीत वाजवायची. रंगरावभाऊ आमच्या गल्लीतलेच, पेटी वाजवतात, भीमगीतं गातात, बुद्धगीतं गातात. जयंती असो, पौर्णिमा असो, गृहप्रवेश असो, पार्टीला बोलावणं असायचंच. पुण्यात कॅम्पातल्या एका हॉटेलात वाजवणारा म्हातारा गोव्याला परत निघाला, त्याच्याकडून आम्रपालीने हा बेस घेतला. तेव्हापासून यांनी वायर, स्पीकर आणि प्लगचं खातं सांभाळलं. पोरगी पुढे वाजवायची, हे मागे बोर्डाजवळ उभे. कधी पुढे आले नाहीत की फोटोत दिसले नाहीत.

आता आमचे हे मुळात घुमे. पहिल्या शिफ्टला जाताना बसमध्ये झोपतात, येताना झोपतात, घरी आले की "चहा" आणि "वाढ" एवढे दोन शब्द. पण कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पोत मागे स्पीकरवर बसून बापलेकींच्या ज्या गप्पा चालायच्या! मी पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि मागून नुसता खिदळण्याचा आवाज. काय बोलत होतात विचारलं तर दोघंही म्हणायची, काही नाही. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, यावा पुन्हा तसा राग.

नोकरी लागली, आम्रपाली गेली. आधी कार्यक्रमाला यायची, मग येईनाशी झाली. एकदा फोनवर यांनी विचारलं, "बेस पाठवू का तिकडे?" तर म्हणाली, "नको पप्पा, मनगट दुखतं हो. वाजवणं सोडलं मी."

झालं. फोन ठेवला आणि यांचं व्हाय-व्हाय सुरू झालं.

व्हाय-व्हाय म्हणजे कंपनीतली पद्धत. एखादा पार्ट रिजेक्ट झाला की का झाला विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही का विचारायचं. असं पाच वेळा खणत गेलं की मूळ कारण सापडतं म्हणे. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी व्हाय-व्हाय होतं.

"मनगट का दुखतं? तर वाकतं म्हणून," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "का वाकतं? अंगठ्याने मागून जोर लावावा लागतो म्हणून. जोर का लागतो? तारा उंच आहेत. तारा उंच का? तर तारा टेकतात ती खालची घोडी उंच आणि मानेच्या टोकाला वरच्या पट्टीतल्या खाचा उथळ."

"आणि घोडी उंच का?" मीच विचारलं, एकदाचं संपावं म्हणून.

"कारण त्या म्हाताऱ्याच्या हाताला लावलेला बेस आपण तसाच वापरला! पोरीच्या हाताला कधी बसवूनच घेतला नाही." ते उठून उभे राहिले. "म्हणजे पोरीने सोडला नाही गं. बेसने तिला सोडायला लावलं. आणि बेस दुरुस्त होतो."

"एकदा तिलाच नीट विचारा की."

"तिला काय विचारायचं? मशीन समोर आहे."

कंपनीत काही बिघडलं की आधी ऑपरेटरला विचारतात, हे मला यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पण ऑपरेटर पोटची पोर असली की माणूस विचारायला घाबरतो. ते तेव्हा मला उमगलं नाही. मी आपली डाळ बघायला गेले.

पुढे काय विचारता! हॉलची टूलरूम झाली. घोडी काढली, तिचे पाय काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासले. सोनाराकडे असतात तशा बारीक कानशींनी वरच्या खाचा खोल केल्या. तारा बदलून जरा मऊ आणल्या. मोबाईलवर परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ लावायचे, भाषा समजायची नाही, पण त्यांचे हात बघून बरोबर समजायचं. तारा इतक्या खाली आणल्या, इतक्या खाली आणल्या की वाजवल्यावर चारी तारा मानेच्या लाकडावर आपटून खर्रर्र करायला लागल्या.

"व्हायब्रेशन येतंय," हे म्हणाले आणि कपाळाला आठ्या. मग घोडीखाली रबराचे तुकडे बसवले, मशीनच्या पायाखाली घालतात तसे. खरखर गेली. सोबत आवाजही गेला. तोंडात बोळा कोंबून कोणी बोलावं तसा बेस पुटपुटायला लागला. यांनी स्पीकर उघडला, वायर बदलली, प्लग तपासला. दोन रविवार त्यात गेले.

शेवटी रंगरावभाऊ आले. चहाचा कप हातात, दुसऱ्या हाताने तार छेडली आणि खाली वाकून रबर बघितलं. हसू आवरेना त्यांना.

"अरे जयसिंगा, व्हायब्रेशन घालवलंस व्हय? मग राहिलं काय, भावा? तेवढंच तर वाजतं!"

हे इतके शरमले! "आयुष्यभर कंपनीत थरथर दिसली की मारायची, एवढंच शिकलो ना भाऊ," म्हणाले. रबर काढलं, घोडी जराशी वर घेतली, आणि बेस बोलायला लागला. खिडकीची काच हलली. मी मशीन थांबवून बघत राहिले, कारण तो आवाज ऐकून कैक दिवस झाले होते.

मग उंचीचं काम. वरची पट्टी भुवईच्या रेषेत यायला हवी, म्हणून पाइपला नवीन भोकं पाडली. बेस डाव्या हाताने सावरावा लागू नये म्हणून छातीशी टेकायला अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी बसवली. ती टोचेल म्हणाले. मी म्हटलं, आणा इकडे. पॅडेड ब्लाऊजचे कप उरले होते, ते आत घालून वर काळ्या मखमलीची खोळ शिवली.

"हे कशाचं गं? मऊ आहे," यांनी विचारलं.

"नका विचारू. टेका नुसते."

आणि दर वेळी मी उभी. एकदा यांनी मागून माझा डावा हात धरला, एकेक बोट तारेवर ठेवलं, अंगठा मानेच्या मागे लावला आणि तसाच धरून राहिले. यांचे हात कानशीसारखे खरखरीत. किती वर्षांनी नवऱ्याने असा हात धरला माझा, आणि तोही लेकीचा समजून. मला हसूही आलं आणि डोळेही भरले. पण हलायचं नव्हतं, म्हणून हलले नाही.

फोनवर दर आठवड्याला तिला अहवाल जायचा. आज खाचा केल्या, आज पाइप झाला. ती म्हणायची, "हो पप्पा. वा पप्पा. मस्तच पप्पा." हे खूश. माझा मात्र त्या 'मस्तच'वर विश्वास बसेना. मी इतकी वर्षं बायकांची ब्लाऊजं शिवते. एखादीला ब्लाऊज मनातून उतरलं की ती तसं सांगत नाही, काखेत टोचतं म्हणते. काख सैल करून दिली तरी ते ब्लाऊज कपाटातून बाहेर येत नाही. शिवणारीला दोन-तीन वर्षांत हे कळतं. पण ते यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

बुद्धपौर्णिमेला आम्रपाली आली. केस कापलेले, दंड भरलेले. तिकडे सुट्टीच्या दिवशी डोंगरकडे चढायला जाते म्हणे, दोर लावून. दुपारी माझ्याबरोबर खिरीसाठी बदाम सोलायला बसली. हे विहारात स्पीकर लावायला गेले होते.

"दोरावर लोंबकळतेस, तेव्हा दुखत नाही मनगट?" मी विचारलंच.

तिने बदाम खाली ठेवला. "मम्मी, मनगट केव्हाच बरं झालं गं."

"मग?"

"मला वाजवावंसं वाटत नाही आता. बस. आवडायचं तेव्हा खूप आवडायचं. आता नाही वाटत. आता मला कडा दिसला की हात शिवशिवतात."

"मग बापाला खरं सांगायला काय झालं होतं? माणूस चार महिने घासतोय तिथे!" माझा आवाज चढला. "मला उभं करून करून माझी कंबर गेली!"

"त्यांनी विचारलं कुठं? मी मनगट म्हटलं आणि ते डायरेक्ट दुरुस्तीलाच लागले. इतक्या आनंदाने सांगायचे की माझी हिंमत होईना. तूच सांग, कसं सांगू?" तिचे डोळे भरून आले. "त्यांना वाटेल, मला ते नकोत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इकडे आड आणि तिकडे विहीर. हिला ओढून आणावं तर पोरीचं आयुष्य, आणि सांगून टाकावं तर यांचं काळीज. "आज वाजव," मी म्हटलं. "आजच्या दिवस मनापासून वाजव. पुढचं पुढे."

संध्याकाळी विहार गच्च भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, खीर वाटली, आणि रंगरावभाऊंनी पेटी पुढे ओढली. आम्रपाली पांढऱ्या साडीत बेस घेऊन उभी राहिली. वरची पट्टी बरोबर भुवईच्या रेषेत, खांदे सैल, मनगट सरळ. पहिला सूर लागला आणि माझ्या पायाखालची फरशी थरथरली. रंगरावभाऊंनी गाता गाता मान वळवून बघितलं. पोरगी खरोखर मनापासून वाजवत होती, खोटं नाही सांगत. मधेच तिने मागे बोर्डाकडे बघितलं आणि हसली, पूर्वी हसायची तशी. आमचे हे प्लगपाशी उभे होते. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग तोंड पुसलं, मग पुन्हा चष्मा.

कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळत यांनी विचारलं, "दुखलं का?"

"अजिबात नाही पप्पा! किती हलका झालाय. बोट ठेवलं की वाजतो. कुठंच काही लागत नाही."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

यांनी मान हलवली आणि थांबले. आता पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले होते. जयंतीला येते पप्पा, किंवा तिकडे घेऊन जाते पप्पा. ती म्हणाली, "मी खुर्च्या आवरायला लागते," आणि गेली. हे वायर हातात घेऊन तसेच उभे. दुखत होतं तोवर आशा होती हो. आता दुखतही नव्हतं, आणि पोरगीही परत येणार नव्हती. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्यावर बसमध्ये चढताना ती म्हणाली, "पप्पा, कुणी वाजवणारं असेल तर बेस देऊन टाका. नुसता पडून खराब होईल."

"बघू," हे म्हणाले.

घरी आल्यावर बेसवर माझी जुनी साडी टाकली, कानशी पुसून पेटीत ठेवल्या, पेटी माळ्यावर. नंतरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. भांडण नाही, तक्रार नाही. बसने येत, जेवत, टीव्हीसमोर बसत. चॅनेल मी बदललं तरी पत्ता नसायचा. एक दिवस रंगरावभाऊंचा फोन आला. देहूरोडच्या पार्टीला बेस हवा होता, ते रविवारी टेम्पो घेऊन येणार होते. हे म्हणाले, "न्या भाऊ. पडूनच आहे." आणि इतक्या सहज म्हणाले की मला भीती वाटली.

शनिवारी संध्याकाळी हे कामावरून आले. चहा दिला. प्यायले नाहीत, कप हातात धरून साडी टाकलेल्या बेसकडे बघत बसले. मी समोर ब्लाऊजच्या गळ्याला गोट लावत होते, सुई काही केल्या कापडात नीट जाईना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"दुपारी आम्रपालीचा फोन होता."

"काय म्हणते?"

"काही नाही, असंच. म्हणत होती, त्या दिवशी पप्पांना सांगायला जीव झाला नाही, पण अंगठ्याला थोडं लागलं."

कप खाली आला. "मला तर कुठंच नाही म्हणाली."

"तुमच्या तोंडावर कशी म्हणेल? एवढं केलंत तुम्ही."

हे माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार झाला आमचा. मी खोटं बोलते तेव्हा उगाच दोरा तोडत बसते, हे या माणसाला माहीत नसेल? मी दोरा तोडला, पुन्हा ओवला, पुन्हा तोडला. मान वर करायची हिंमत नव्हती.

"डाव्या अंगठ्याला?" यांनी विचारलं.

"डाव्या."

"मान जाड आहे," ते हळू म्हणाले. "मागून. मला आधीपासून शंका होती. तिची बोटं लहान आहेत."

"असेल."

"घासावी लागेल. घाई करून चालणार नाही, लाकूड एकदा गेलं की गेलं. वेळ लागेल त्याला."

"लागू दे की. कोण मागे लागलंय?"

ते उठले. स्टूल घेऊन माळ्यावरची पेटी काढली. साडी काढून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी ती मांडीवर ठेवली आणि रंगरावभाऊंना फोन लावला.

"जय भीम भाऊ. उद्या टेम्पो आणू नका. बेसचं काम राहिलंय अजून."

"आता काय राहिलं वहिनी? पोरगी तर लोण्यासारखं वाजवून गेली!"

मी वळून बघितलं. यांनी बेस ट्यूबलाइटखाली आडवा धरला होता. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले. मानेच्या मागून आपला अंगठा हळूहळू वर नेत होते, थांबत होते, थोडा खाली आणत होते, पुन्हा वर नेत होते. पोरीला कुठे लागत असेल, ती जागा शोधत होते.